इटालियन चेताशास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल घरच्या बेडरूममधल्या प्रयोगांसाठी मिळालं का?
थेट त्यासाठी नाही. १९८६चं नोबेल 'वाढघटकांच्या शोधांसाठी' होतं, आणि त्यांचा वाढघटक म्हणजे चेतापेशी वाढवणारं एनजीएफ हे प्रथिन. तो शोध अमेरिकेत, सेंट लुइसला गेल्यानंतरचा. उंदराच्या ट्यूमरचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवला की चेतातंतू भराभर वाढायचे. पुढे ब्राझीलमधल्या रिओत, भ्रूणाबाहेर काचेवर, ट्यूमरला न चिकटताही, चेतापेशींभोवती तंतूंचं दाट कडं उगवलं. म्हणजे ट्यूमरमधून काहीतरी पाझरत होतं. ते शुद्ध केलं जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी, म्हणून नोबेल दोघांत. पण मुसोलिनीच्या ज्यूविरोधी वंशकायद्यांमुळे घरात, त्या बेडरूममध्ये केलेले भ्रूणांवरचे प्रयोग वाया गेले नाहीत. त्यांविषयी वाचूनच भ्रूणशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी त्यांना सेंट लुइसला बोलावलं. खुद्द हॅम्बर्गर मात्र नोबेलविना राहिले, हे खटकतंच.