चित्रांच्या कार्डांनी बोलणं अडत नाही

धायरीहून एका आईने लिहिलं आहे : मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं. शब्द दोन-चारच. काही हवं असलं की माझं मनगट धरून ओट्यापाशी नेतो. दिवसभर 'चप्पल घालायची का?' म्हणत राहतो. थेरपिस्टने चित्रांची कार्डं दिलीत, पण सासूबाई म्हणतात, चित्रांवर भागलं तर तो तोंड कशाला उघडेल? शाळा म्हणते, घरात फक्त इंग्रजी बोला. कुणाचं ऐकू?

ताई, थेरपिस्टचं ऐका. सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, पण कार्डांमुळे किंवा बोलणाऱ्या अ‍ॅपमुळे मुलांचं बोलणं मागे पडत नाही, असंच अभ्यासांत दिसलंय. काहींचं तर त्याने वाढतं. कार्ड देऊन वस्तू मागायची 'पेक्स' पद्धत १९८५ पासून वापरात आहे. आयआयटी मुंबईचं 'जेलो' अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीत बोलतं.

मनगट धरून नेणं हे त्याचं बोलणंच आहे. तिथे 'आधी तोंडाने सांग' म्हणून अडवू नका. भुकेल्या पोराची परीक्षा घेऊ नये. लाडवाचा डबा दिसेल पण हात पुरणार नाही असा ठेवा, त्याचं कार्ड फ्रिजवर त्याच्या उंचीला लावा. त्याने ओढत नेलं की खाली बसा, तळहात पुढे करा आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. आपल्याला ती शांतता सोसवत नाही, त्याला मात्र तेवढा वेळ लागतो. नाहीच जमलं तर त्याचा हात धरून कार्ड तुमच्या हातावर ठेववा. कार्ड आलं की 'लाडू!' म्हणा आणि लगेच द्या.

'चप्पल घालायची का?' हे तुमचंच वाक्य तो पुन्हा म्हणतोय. बहुधा त्याला बाहेर जायचं असतं. 'बाहेर जायचंय' असं त्याच्या वतीने तुम्ही म्हणा.

मराठी अजिबात सोडू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी लांबत नाही, पण घरची भाषा काढून घेतली तर त्याचं आणि आजीचं नातं कशात बोलणार?

श्रवणचाचणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढा आणि दिव्यांगांसाठीच्या 'निरामय' आरोग्य विम्याची चौकशी करा, त्यातून थेरपीच्या खर्चाचाही काही भाग मिळतो.

तो 'आई' कधी म्हणेल, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तारीख कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याला पैसे देऊ नका. सासूबाईंना मात्र देवघरातल्या घंटेचं कार्ड सांभाळायला द्या. ते त्याने आजीलाच द्यायचं आणि घंटा आजीनेच वाजवू द्यायची.