चारही मतं एकालाच का नाही?

प्रश्न : बाई, जानेवारीतल्या महापालिका निवडणुकीत माझी आई (वय ७८) यंत्रापुढे अडून बसली. आमच्या गल्लीतली एक मुलगी उभी होती. चारही मतं तिलाच द्यायची, असं आईनं आधीच ठरवलेलं. एक बटन दाबलं, पण शिट्टी काही वाजेना. मागे रांग खोळंबली. केंद्रावरच्या मॅडमनी समजावल्यावर उरलेली तीन बटनं तिनं रागारागात कुठंही दाबली. घरी येऊन म्हणते, "माह्या मताचं काय करायचं ते मी पाहीन ना!" तिचं काय चुकलं? शिवाय माझी बहीण अमेरिकेत असते. तिच्या गावात नगर परिषदेबरोबर शाळा मंडळालाही लोक मतं देतात. आपल्याकडे असं कधी होतं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं गाव आणि साल तेवढं चुकलं. १८७० मध्ये त्या लंडनला असत्या, तर त्यांचं म्हणणं कायद्यात बसलं असतं.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि लोकांनी निवडलेली शाळा मंडळं आली. विभागात जितक्या जागा, तितकी मतं प्रत्येकाच्या हातात. ती एकेकाला वाटा, नाहीतर सगळी एकाच्याच पदरात टाका. मॅरिलबोन विभागात सात जागा होत्या. तिथं डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट उभ्या राहिल्या आणि त्यांना ४७,८५८ मतं पडली. दुसरे आले नामवंत शास्त्रज्ञ टी. एच. हक्सली, १३,४९४ मतांवर! तेव्हा बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं, पण शाळा मंडळाला त्या उभ्या राहू शकत होत्या आणि कर भरणाऱ्या बायका मतही देऊ शकत होत्या.

खरी गंमत बर्मिंगहॅमची. जागा पंधरा. लिबरल पक्षाला आपल्या ताकदीचा इतका भरवसा, की त्यांनी पंधराच्या पंधरा उमेदवार दिले. मतं विखुरली आणि निवडून आले सहा. चर्चवाल्यांनी, म्हणजे इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चच्या बाजूच्यांनी, शहाणपणानं आठच उभे केले, आठही आले. उरलेली एक जागा कॅथलिक पाद्र्यानं नेली, तीही पहिल्या क्रमांकानं, कारण त्याच्या माणसांनी आपली सगळी मतं त्याच्याच नावावर ओतली. शाळेत धर्म कोणता शिकवायचा यावरून तेव्हा तिथं रणं माजत होती. लहान पंथाचाही एखादा माणूस मंडळात यावा, म्हणून तर ही पद्धत ठेवली होती. पुढे १९०२ च्या कायद्यानं ती मंडळंच गुंडाळली.

आपल्याकडे प्रभागात चार जागा असल्या तरी त्या अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या आहेत. पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी मतपत्रिका म्हणजे एका दिवसात चार निवडणुकाच म्हणा. गल्लीतली मुलगी त्यातल्या एकाच रंगात होती. बाकी तिन्ही ठिकाणी आईंना कुणीच पसंत नसेल, तर 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटन असतं. रागारागात कुठंही दाबण्यापेक्षा ते बरं.

आता शाळेचं. नागपूरची नगरपालिका १८६४ ची, महापालिका १९५१ ची. पण शाळांसाठी वेगळं मतदान आपल्याकडे नाही. पुण्याकडं शाळा मंडळं होती, ती १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली. तिथंही सभासद निवडायचे ते नगरसेवक, तुम्हीआम्ही नाही. आपण तेव्हा मध्य प्रांतात, राजधानीच इथं, त्यामुळे तो कायदा आपला नव्हताच. आपल्या महापालिकेत शिक्षण समिती असते, नगरसेवकांतूनच नेमलेली. शाळांबद्दल बोलायचं तर नगरसेवकालाच धरावं लागतं.

हे मी शिक्षिका म्हणून पुरतं ओळखून होते, तरी १९९२ च्या निवडणुकीत एका बाईंनी मला गप्प केलं. तेव्हा कागदी मतपत्रिका. आम्हा शिक्षकांना ड्यूटी लागलेली आणि मतदान केंद्र एका शाळेतच, चौथीच्या वर्गात. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर आदल्या दिवशीची बेरीज तशीच. माझ्याकडे शाईची बाटली. नऊवारीतल्या एक आजीबाई आल्या, बोट पुढे केलं आणि विचारलं, "बाई, शायेची पेटी कोनती?"

मला वाटलं, शाईचं विचारताहेत. मी बाटली दाखवली. त्या चिडल्या. "शाई नाही वो, शाया, शाया! माहा नातू हितंच शिकते. पावसायात पानी गयते त्याच्या डोक्यावर." आणि वर बोट केलं. कौलाखालच्या वाशावर पाण्याचे तपकिरी ओघळ होते. मी सकाळी सातपासून त्या वर्गात बसलेली, एकदाही वर पाहिलं नव्हतं.

शेजारचे मतदान अधिकारी माझ्याकडं बघायला लागले. मी आजींना म्हटलं, "आजी, पेटी एकच आहे. सगळं तिच्यातच."

"मंग शिक्का जपून मारा लागंन," म्हणाल्या, आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रांगेतल्या एकानं आवाज दिला. मी त्याला गप्प बसवलं.