क्लायमेट अँग्झायटी : चिंता, काळजी की घोर?

प्रश्न असा आहे : 'मी समुपदेशक आहे. हवामानबदलाच्या बातम्यांनी झोप उडालेले लोक माझ्याकडे येतात, त्यांत विशीतली मुलं जास्त. क्लायमेट अँग्झायटीला हवामान चिंता म्हणावं का? क्लायंटना ते परकं वाटतं.'

वाटणारच. अडचण त्यातल्या दोन्ही शब्दांत आहे.

'हवामान' हा शब्द मराठीत दुहेरी राबतो. उद्या पाऊस येईल का, हेही हवामान आणि तीसेक वर्षांच्या नोंदींवरून ठरतं तेही हवामानच. त्यामुळे 'हवामान चिंता' ऐकलं की उद्याच्या पावसाची विवंचना वाटते. माणूस धास्तावलेला असतो तो बदलामुळे. म्हणून 'हवामानबदल' हा पूर्ण शब्द ठेवावा, कितीही लांब वाटला तरी.

आता 'चिंता'. चिन्त् या धातूचा मूळ अर्थ विचार करणं. चिंतन आणि चिंता एकाच घरच्या. चिता आणि चिंता यांत फरक एका बिंदूचा, चिता निर्जीवाला जाळते आणि चिंता सजीवाला, हे सुभाषित आपण शाळेपासून ऐकतो. शब्दात दाह आहे, तो चुकीचा नाही. माझी हरकत वेगळी आहे. मानसोपचारात हा शब्द आता 'चिंताविकार' या जोडशब्दाने ओळखला जातो. पर्यावरणाबद्दलची ही भीती मात्र मानसिक विकारांच्या प्रचलित वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेली नाही. २०२१ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आलेल्या पाहणीत १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांना विचारलं होतं. त्यांतले ५९ टक्के खूप किंवा अतिशय काळजीत होते. रोजच्या जगण्यावर या भावनांचा वाईट परिणाम होतो असं सांगणारे ४५ टक्क्यांहून जास्त. त्रास खरा आहे आणि धोकाही खरा आहे. ज्याला तो दिसतो त्याला आजारी ठरवणारा शब्द आपण वापरू नये.

माझं मत 'काळजी'ला. हा शब्द काळजाजवळचा आहे, आणि त्याच्या क्रियापदांकडे नीट पाहा. काळजी वाटते, काळजी लागते. इथे माणसाच्या हातात काही नसतं. काळजी करतो, इथे तो तीच ती गोष्ट घोळवत बसतो. काळजी घेतो म्हटलं की हात हलायला लागतात. आणि काळजी वाहतो, म्हणजे ओझं खांद्यावर आहे पण पाय चालताहेत. दुखणं आणि जपणं एकाच नामात नांदणारी अशी जागा 'चिंते'त नाही. चिंता घेता येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका रात्री लेक अंथरुणात फोन धरून वितळत्या हिमनदीचा तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होती. म्हणाली, "बाबा, मी शिकून तरी काय करू?" मी म्हणालो, "काळजी करू नकोस." तिने फोन उलटा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. ती नंतर किती तरी दिवस त्या विषयावर बोलली नाही. आपण ज्याला धीर म्हणतो ते दार लावून घेणं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. 'तुला काळजी वाटते, ती वाटण्यासारखीच आहे' एवढं म्हणायला हवं होतं. काळजी घेण्याची गोष्ट त्यानंतरची. तुम्हीही 'वाटणं' पुरतं ऐकून घेतल्याशिवाय 'घेण्या'कडे वळू नका. नाही तर झाडं लावा, प्लास्टिक टाळा हे सल्लेही गप्प बसवण्यासारखेच लागतात.

तरीही सगळ्यांना एकच शब्द देऊ नका. पुढे काय होईल या विचाराने खंगणाऱ्याला 'घोर' लागलेला असतो. ज्याने पूर किंवा वणवा स्वतः पाहिला त्याने 'धसका' घेतलेला असतो; ढग दिसले की त्याची छाती धडधडते, आणि त्याची वाट वेगळी, आघातावरच्या उपचारांची. मी विमानाने फिरलो, मी मूल जन्माला घातलं असं म्हणणाऱ्याला 'टोचणी' आहे. नष्ट झालेल्या जंगलासाठी जी असते ती 'हळहळ', आणि तिला शोकासारखाच वेळ द्यावा लागतो.

आणखी एक छटा आहे. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ग्लेन आल्ब्रेक्ट यांनी २००३ साली तिला 'सोलास्टाल्जिया' हे नाव दिलं. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसाखाणींनी भोवतालचा प्रदेश ओळखू येईनासा झाला. माणसं तिथेच होती आणि तरी त्यांना घराची ओढ लागत होती. मराठीत मी याला 'घरबसल्या परागंदा होणं' म्हणेन. शब्द बोजड आहे, पण अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून नोंदवहीत 'हवामानबदलाची काळजी' लिहा. समोरच्याला मात्र आधी विचारा, "नेमकं काय होतं?" तो 'जीव टांगणीला लागलाय' म्हणाला, तर त्या दिवशी तुम्हीही तेच म्हणा.