ट्रेनिंगमध्ये रोल-प्ले घेतो, पण लोक हसतात आणि विसरतात. नाटकातलं नेमकं काय वापरावं? ऑनलाइन जमेल का?

आधी रोल-प्लेला नाटक म्हणणं थांबवा. दोघांना पुढे उभं करायचं, ‘तू चिडलेला ग्राहक, तू कर्मचारी’ म्हणायचं, एकदा करून घ्यायचं आणि टाळ्या. नाटकवाले याला पहिलं वाचनही म्हणणार नाहीत. नट घडतो तो तालमीत, आणि तालीम म्हणजे तोच प्रवेश पुन्हा पुन्हा, दर वेळी एकच गोष्ट बदलून.

लोक हसतात ते ‘चिडलेला’ या शब्दामुळे. भावना करून दाखव म्हटलं की माणूस नुसता ओरडतो. चिठ्ठीवर क्रियापद लिहा: ‘आजच्या आज पैसे परत मिळव’. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर: ‘साहेबांना न विचारता याला थोपवून धर’. चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत. राग आपोआप येतो.

सगळ्यात कामाचं म्हणजे ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांचं फोरम थिएटर. तीन-चार मिनिटांचा प्रवेश, ज्यात मुख्य पात्र हरतं. समजा, आढावा बैठकीत नवी इंजिनिअर चूक दाखवू बघते आणि मॅनेजर ‘नंतर बोलू’ म्हणून पुढची स्लाइड लावतो. एकदा अखंड दाखवा. दुसऱ्या फेरीत बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांब’ म्हणून तिच्या जागी यायचं. फक्त तिच्या! मॅनेजरची जागा दिलीत की कुणीतरी समजूतदार मॅनेजर होतो, प्रश्न चुटकीसरशी सुटतो आणि शिकायला काही उरत नाही. खुर्चीतून ‘मी असं म्हटलं असतं’ सांगणाऱ्याला उठवा, करून दाखवायला लावा. मॅनेजर झालेल्याने पहिल्याच वाक्याला विरघळायचं नाही, पण खरंच कोंडीत सापडला तर हटूनही बसायचं नाही. पाच-सहा जणांची भाषणं वाया जातात, मग कुणीतरी शांतपणे विचारतं, ‘नंतर म्हणजे किती वाजता?’ आणि मॅनेजर अडतो.

याला तास लागतो. तासाभरात सहा प्रसंग उरकून फीडबॅक फॉर्म भरून घेणाऱ्या एचआरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. तुम्हीही त्यातलेच असाल तर पीपीटी बरी.

हां, ज्याच्यावर प्रवेश बेतलाय तो साहेब खोलीत असेल तर हे करू नका. सक्तीही नको, न उठणाऱ्याला प्रॉम्प्टिंगला, म्हणजे बाजूने वाक्यं सुचवायला, बसवा. आणि मशीन कसं चालवायचं हे यातून शिकवता येत नाही, त्याला मशीनच लागतं.

ऑनलाइन? चिठ्ठ्यांचं जमेल, खासगी चॅटवर पाठवा. बाकी खोलीतच करा.