किल्लारी प्लेटच्या सीमेवर नाही, मग तिथं भूकंप कसा झाला?

जपान-नेपाळचं समजतं, पण मराठवाडा कुठल्याच प्लेटच्या (म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या) काठावर नसताना १९९३ ला किल्लारी कशी हादरली, असं तुम्ही विचारलंय. आमच्या औशाकडं पारावर हा विषय निघाला की 'खाली पोकळी आहे' नाहीतर 'ज्वालामुखी आहे' असं कुणीतरी ठासून सांगतंच. दोन्हीत तथ्य नाही.

भारतीय प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडं सरकते आणि हिमालयाखाली तिरकी घुसते. घुसताना अडकते, ताण साठतो, अडकलेलं सुटलं की २०१५ च्या नेपाळसारखा (७.८) भूकंप. जपानजवळ समुद्रतळाची जड प्लेट खाली बुडते. २०११ चा ९ तीव्रतेचा धक्का तिथला. कॅलिफोर्नियात प्लेटा एकमेकींना घासून बाजूनं जातात. अटलांटिकच्या मध्यावर त्या फाकतात, तिथले धक्के उथळ आणि बहुतेक लहान.

किल्लारी यातल्या कशातच बसत नाही. पण हिमालयातला रेटा प्लेटच्या पोटातही जाणवतो. आपला काळा पाषाण किल्लारीत जेमतेम साडेतीनशे मीटर जाड. त्याखाली अतिप्राचीन, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, आणि त्यात जुन्या भेगा. तिथं ताण फारच सावकाश साठतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या काही होत नाही आणि लोक निर्धास्त राहतात. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशातही हा भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! ३० सप्टेंबरच्या पहाटे भेगेची एक बाजू दुसरीवर चढली. शेतात जमीन फुटून उचललेली दिसत होती.

तीव्रता ६.२, म्हणजे नेपाळपुढं कमीच. पण केंद्र अगदी उथळ, लोक गणपती विसर्जन करून झोपलेले, आणि घरं माळवदाची, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत असलेली. भिंती चांगल्या दोन हात रुंद, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधणारा लांब दगडच नाही. हादरा बसताच थर फाकले. वर गळू नये म्हणून वर्षानुवर्षं टाकलेल्या पांढऱ्या मातीचं ओझं, ते सगळं अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

कोयनेचा १९६७ चा भूकंप आणखी निराळा. तिथं धरणातल्या पाण्यानं भेगा सैल केल्या असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

हिंगोलीकडं, वसमत-कळमनुरी भागात जमिनीतून गडगडाट येतो, तोही ज्वालामुखीचा नव्हे. उथळ, लहान धक्क्याची लाट जमिनीतून हवेत शिरली की असा आवाज होतो. तिकडंच १० जुलै २०२४ च्या सकाळी ४.५ चा धक्का बसला, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला.