क्रीम बंद केली की चेहरा पेटतो

प्रश्न : मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची क्रीम चार महिने लावतेय. आधी चेहरा छान उजळला. आता दोन दिवस लावली नाही तर लाल होतो, आग होते, बारीक पुळ्या येतात. लावली की शांत. काय करू? (वाचक, सांगली)

उत्तर : ट्यूबवरचा बारीक मजकूर वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं असतील तर ही सौंदर्यप्रसाधनाची नाही, वांगावरच्या औषधाची ट्यूब आहे. डॉक्टर ती थोडेच आठवडे देतात. मोमेटासोन हे स्टेरॉइड. ट्रेटिनॉइनची जळजळ तेच दाबून ठेवतं, म्हणून सुरुवातीला सगळं गोड वाटतं. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसतात, ओठांवर लव वाढते आणि क्रीम सुटली की भडका उडतो. तो शमवायला पुन्हा तीच क्रीम लावणं, हाच सापळा.

ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एकदम थांबवायचं की सौम्य स्टेरॉइडवर आणून कमी करायचं, हे चेहरा पाहूनच ठरतं. तोवर ब्लीच, फेशियल, लिंबू, बेसन सगळं बंद, हळदसुद्धा. साध्या पाण्याने धुवा, ओलसर चेहऱ्यावर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीइतकं. तेही झोंबलं तर छत्री आणि ओढणी. आग झाली की गार पाण्याची घडी दहा मिनिटं. बर्फ थेट नको.

डोळे सुजले किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.