स्थळ बदलते, सांगणारी तीच

प्रश्न : लॉरी आर. किंग यांच्या, मेरी रसेल ही तरुणी स्वतः सांगते त्या रहस्यकथांच्या मालिकेतील पॅलेस्टाइनमध्ये घडणारी ‘ओ जेरुसलेम’ ही कादंबरी मी सर्वांत आधी वाचली आणि ती मला मनापासून आवडली. उरलेल्या कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमाने वाचाव्यात की घटनांच्या?

उत्तर : प्रकाशनाच्या क्रमानेच वाचाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन. आपण वाचलेली कादंबरी १९९९ साली मालिकेतील पाचवी म्हणून आली. तिच्यातील प्रवास मात्र १९९४ च्या ‘द बीकीपर्स अप्रेंटिस’ या पहिल्या कादंबरीच्या काळातच घडतो, आणि तेथे त्याचा उल्लेख ओझरता आहे. घटनांचा क्रम काटेकोर पाळायचा, तर पहिले पुस्तक मध्येच मिटून पाचवे उघडावे लागेल आणि जिची अजून पुरती ओळख झालेली नाही अशा मुलीच्या मागोमाग परक्या प्रदेशात हिंडावे लागेल.

ती ओळख फार सुंदर आहे. १९१५ साली पंधरा वर्षांची मेरी इंग्लंडमधल्या ससेक्सच्या टेकड्यांवरून पुस्तकात डोके खुपसून चाललेली असते आणि मधमाश्या निरखत बसलेल्या निवृत्त शेरलॉक होम्सवर तिचा पाय पडता पडता राहतो. तिच्या पुरुषी कपड्यांमुळे निरीक्षणासाठी जगप्रसिद्ध असलेला हा गुप्तहेर तिला चक्क मुलगा समजतो; तिने टोपी काढून वेण्या मोकळ्या सोडल्यावरच त्याला चूक कळते. हा प्रसंग वाचल्यानंतर आपली आवडती कादंबरी पुन्हा उघडून पाहावी. तेथे ती मुलाच्या वेशात वावरते, म्हणूनच पुरुषांच्या बैठकीत तिला जागा मिळते आणि आपल्यालाही ती बैठक दिसते. स्त्री निवेदक असली की कोणते दार तिला उघडे आहे आणि कोणते बंद, यावर त्या स्थळाचे दर्शन अवलंबून राहते. इंग्लंडमधल्याच डार्टमूरचा उजाड माळ असो वा ‘द गेम’मधला १९२४ चा हिंदुस्थान, प्रत्येक ठिकाणी एवढे लक्षात ठेवून वाचले तरी पुरे.

क्रमाचा खरा लाभ सॅन फ्रान्सिस्कोमध्ये घडणाऱ्या ‘लॉक्ड रूम्स’मध्ये (२००५) कळतो. तोवर मेरीच्या ‘मी’वर आपला पूर्ण विश्वास बसलेला असतो. येथे मात्र काही भाग होम्सच्या बाजूने, तृतीय पुरुषात येतात, कारण स्वतःच्या बालपणाविषयीची मेरीची आठवणच भरवशाची राहिलेली नसते. ज्याने आधीची पुस्तके तिच्याच तोंडून ऐकली आहेत, त्याला हा धक्का फार आतपर्यंत जाणवतो.